व्हर्टस जीटी आणि पोलो जीटी टीएसआयला बाहेरचे अलॉय बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नक्की कुठल्या गाड्यांसाठी आहे?

मुख्यतः फोक्सवॅगनच्या दोन. एक पोलो जीटी टीएसआय, २०१३ पासून आलेली १.२ लिटर डीएसजी ऑटोमॅटिकवाली आणि नंतरची १.० लिटरवाली, आणि दुसरी २०२२ ला आलेली व्हर्टस जीटी, १.५ टीएसआय, १५० पीएसची. दोन्ही आपल्या चाकणच्या प्लांटमधल्या, दोन्हींचा पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) ५x१००, सेंटर बोअर (रिमच्या मधलं भोक) ५७.१, बोल्ट एम१४x१.५, त्यामुळे बरीचशी उत्तरं दोघींना सारखीच लागू पडतात. स्कोडा स्लाव्हिया १.५ वाल्यांनाही बहुतेक सगळं चालेल. स्विफ्ट, आय२० एन लाईन वगैरेंचे आकडे वेगळे आहेत पण हिशोब करायची पद्धत तीच, सो वाचायला हरकत नाही.

अलॉय बदलले की गाडी फास्ट होते का?

हलके घेतले तर फरक कळतो, जड घेतले तर गाडी आधीपेक्षा सुस्त होते, आणि गंमत म्हणजे बाजारात जे सगळ्यात जास्त विकले जातात ते जडच असतात. चाक नुसतं पुढे जात नाही, फिरतं पण, म्हणून इंजिनाला ते दोनदा ढकलावं लागतं. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागाजवळचं एक किलो वजन पिकअपच्या हिशोबात जवळपास दोन किलोसारखं वागतं, रिमच्या कडेचं एक किलो साधारण दीड किलोसारखं. ब्रेक मारतानाही तेच. शिवाय हे सगळं वजन सस्पेंशनच्या खाली असतं, म्हणजे खड्डा आला की शॉकॲब्सॉर्बरला तेवढं जास्त वजन आवरायला लागतं आणि चाक रस्ता सोडून उडतं. म्हणून माझं पहिल्यापासून म्हणणं आहे की दुकानात गेल्यावर डिझाईनच्या आधी वजन विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर तिथेच वजनकाटा मागा, टायरच्या दुकानात काटा नसला तर शेजारच्या किराणावाल्याकडे असतोच.

कुठले आकडे जुळले पाहिजेत?

पीसीडी, सेंटर बोअर, रिमचा व्यास आणि रुंदी, ऑफसेट, लोड रेटिंग, आणि बोल्टची सीट (बोल्टचा रिमला टेकणारा भाग). यातलं एकही "जवळपास जुळतंय" असं चालत नाही, अपवाद फक्त व्यास, रुंदी आणि ऑफसेटचा, तिथे थोडी मोकळीक आहे ती पुढे सांगतो, आणि बोअर मोठा असला तर रिंग लावून चालतो. तुमच्या कंपनीच्या रिमच्या मागच्या बाजूला, स्पोकच्या आत, हे बरंचसं कोरलेलं असतं. ६Jx१६ वगैरे म्हणजे रुंदी आणि व्यास, ईटी आणि पुढे आकडा म्हणजे ऑफसेट. चाक एकदा काढा, पुसा, फोटो काढून ठेवा. इंटरनेटवरच्या चार्टवर विसंबू नका, तिथे युरोपची पोलो आणि आपली पोलो एकत्र करून ठेवलेली असते.

ऑक्टाव्हिया आरएसचे सेकंडहँड अलॉय स्वस्तात मिळतायत, ग्रुप तोच आहे ना, बसतील ना?

नाही बसणार. ऑक्टाव्हिया, सुपर्ब, जेट्टा, टिग्वान हे सगळे ५x११२ आणि आपण ५x१००. पाच बोल्ट दोन्हीकडे आहेत, बोअर पण बऱ्याचदा ५७.१ च असतो म्हणून हातात धरल्यावर बसेल असं वाटतं, पण भोकं ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यासच १२ मिमीने वेगळा आहे. मग कोणीतरी सांगतो ॲडाप्टर टाकू, २० मिमीचा. ॲडाप्टर टाकला की चाक २० मिमी बाहेर आलं, फेंडरला (चाकावरच्या पत्र्याला) घासलं, हबच्या (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याच्या) बेअरिंगवर लोड वाढला, आणि दोन जोड झाले जिथे आधी एक होता. नवीन ५x१०० चे चांगले रिम मिळत असताना हे कशाला करायचं, मला खरंच कळत नाही.

आणि ५x१०८ किंवा ५x११४.३ चे रिम नवीन भोकं पाडून देतो म्हणणारा भेटला तर तिथून निघा. जुनी भोकं भरून नवीन पाडलेला रिम १०० च्या स्पीडला कसा वागेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. कंपनीनेच दहा भोकं पाडून दिलेला दोन पीसीडीचा रिम वेगळा, तो टेस्ट होऊन आलेला असतो.

सेंटर बोअर मोठा आहे, रिंग लागेलच का?

लागेल. आपल्या हबचा मधला उंचवटा ५७.१ मिमीचा, आणि बाहेरचे रिम सगळ्या गाड्यांना चालावेत म्हणून बऱ्याचदा ७३.१ चा बोअर ठेवतात. मधली फट भरायला ७३.१ ते ५७.१ ची हब रिंग येते, चार रिंगांचे काही शे रुपये होतात, आणि ती नसेल तर चाक नुसतं बोल्टच्या भरवशावर मध्यावर येतं. जरा जरी इकडेतिकडे घट्ट झालं की ९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि मग माणूस चार दुकानांत बॅलन्सिंग करत फिरतो.

रिंग प्लॅस्टिकची घ्यावी का ॲल्युमिनियमची? ट्रॅकवर सतत जोरात ब्रेक मारणाऱ्याने ॲल्युमिनियमची घ्यावी, कारण तिथे हब खूप तापतो. बाकी सगळ्यांनी चांगल्या प्लॅस्टिकची. कोकणात, मुंबईत, गोव्यात खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमची रिंग हबला असा गंज धरून बसते की पंक्चरच्या वेळी रस्त्यात चाकच निघत नाही. बोअर ५७.१ पेक्षा लहान असेल तर चाक बसतच नाही, आणि लेथवर मोठा करून घ्यायचाच असेल तर रिम बनवणाऱ्याचा सल्ला घेऊनच.

ऑफसेट म्हणजे काय आणि ईटी ३५ ऐवजी ईटी ४५ घेतला तर काय बिघडतं?

सगळ्यात जास्त गडबड इथे होते म्हणून जरा सविस्तर. रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्ये एक रेष आहे असं समजा, हबला टेकणारा भाग त्या रेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे तो आकडा म्हणजे ऑफसेट. आकडा वाढला की चाक आत, सस्पेंशनकडे जातं, कमी झाला की बाहेर, फेंडरकडे येतं. पण रुंदी पण बदलत असते ना, म्हणून नुसता ऑफसेट बघून काहीच कळत नाही, दोन्ही एकत्र मांडावं लागतं.

समजा जुना रिम ६ इंच रुंद ईटी ४० आहे आणि नवीन ७ इंच ईटी ३८ घ्यायचाय. एक इंच २५.४ मिमी, म्हणजे जुन्याची अर्धी रुंदी ७६.२ आणि नव्याची ८८.९. आतल्या बाजूचं अंतर म्हणजे अर्धी रुंदी अधिक ऑफसेट: जुनं ११६.२, नवं १२६.९. म्हणजे नवीन चाक आत स्ट्रटच्या (सस्पेंशनच्या उभ्या खांबाच्या) दिशेने १०.७ मिमी सरकलं. बाहेरच्या बाजूचं म्हणजे अर्धी रुंदी वजा ऑफसेट: जुनं ३६.२, नवं ५०.९, म्हणजे बाहेर १४.७ मिमी आलं. आता गाडीखाली जाऊन बघा, टायर आणि स्ट्रटच्या मध्ये किती जागा आहे, वर फेंडरच्या कडेपर्यंत किती आहे. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून परत मोजा. आत किमान ५-६ मिमी तरी उरले पाहिजेत.

एवढा हिशोब कागदावर पाच मिनिटांत होतो. चाळीस-पन्नास हजार रुपये द्यायच्या आधी पाच मिनिटं द्यायला हरकत नसावी.

ऑफसेट खूप कमी घेऊन चाक बाहेर काढलं की दिसतं भारी, पण स्टिअरिंग जड होतं, रस्त्यातल्या चरांच्या मागे गाडी ओढली जाते, आणि फ्रंट व्हील ड्राईव्हला जोरात ॲक्सिलरेटर दिला की स्टिअरिंग हातातून खेचल्यासारखं होतं. १५० पीएसच्या व्हर्टसला हे जाणवतंच. आणि पावसाळ्यात दारांवर चिखल उडतो ते वेगळंच. स्टॉकपेक्षा (कंपनीच्या मूळ चाकापेक्षा) चाक १०-१२ मिमीच्या वर बाहेर आणू नये असं मी सगळ्यांना सांगतो, वरच्या उदाहरणातले १४.७ जास्तच झाले.

व्हर्टस जीटीला १७ घेऊ का १८?

१७. आता कारण सांगतो. स्टॉक टायर २०५/५५ आर१६ (म्हणजे रुंदी २०५ मिमी, साईडवॉल म्हणजे बाजूच्या रबराची उंची रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंच), त्याचा एकूण व्यास ६३१.९ मिमी आणि साईडवॉल जवळपास ११३ मिमी. रिम कितीही बदला, एकूण व्यास याच्या आसपासच राहिला पाहिजे, कारण स्पीडोमीटर, एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल, गिअर रेशो सगळं त्या आकड्यावर बसवलेलं आहे. २ टक्क्यांच्या आत ठेवावं.

२०५/५० आर१७ घेतलं तर व्यास ६३६.८, म्हणजे ०.८ टक्का जास्त, आणि साईडवॉल १०२ मिमी. आपल्या रस्त्यांसाठी मला हीच साईझ सगळ्यात पटते. २२५/४५ आर१७ म्हणजे ६३४.३, व्यास अगदी जवळ, पण रुंद टायर म्हणजे वजन जास्त, मायलेज कमी, पाण्यावर तरंगायची शक्यता जास्त, आणि त्याला किमान ७ इंची रिम लागतो. २१५/४५ आर१७ म्हणजे ६२५.३, एक टक्का कमी, चालतं. १८ इंचीमध्ये २१५/४० चा व्यास ६२९.२, हिशोबात एकदम परफेक्ट, पण साईडवॉल उरते ८६ मिमी. म्हणजे खड्ड्यात रिमला वाचवायला जे रबर असतं त्यातला चौथा हिस्सा गेला. मुंबई-गोवा हायवेला पावसाळ्यात गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

१८ इंचीच हवं असेल, गाडी फक्त शहरात चांगल्या रस्त्यांवर चालत असेल आणि रिम हलका असेल तर घ्या, तुमची गाडी आहे. पण जड कास्ट १८ इंची घेऊन व्हर्टसची जी मजा आहे, घाटात वळणावर ती जशी बसते, ती घालवू नका. ताम्हिणीत खराब पॅचवर अशी गाडी एका वळणात दोनदा उडी मारते.

आणि पोलोला?

पोलो जीटी टीएसआय सुरुवातीला १८५/६० आर१५ वर आली, व्यास ६०३. नंतरच्या मॉडेलांना कंपनीनेच १९५/५५ आर१६ दिले, व्यास ६२०.९, म्हणजे साधारण ३ टक्के जास्त. जुन्या पोलोवाल्यांना हे १६ इंची कंपनीचे रिम मिळाले तर बसायला काहीच अडचण नाही, चाकाच्या वरच्या आर्चमध्ये जागा आहेच. फक्त स्पीडोमीटरवर १०० दिसताना गाडी आधीपेक्षा ३ टक्के जास्त वेगात असते हे डोक्यात ठेवा, आणि पिकअप अगदी किंचित लांबल्यासारखा वाटतो. मूळ व्यासाच्या जवळ राहायचं असेल तर १९५/५० आर१६, व्यास ६०१.४. पोलोला १७ नकोच. छोटी गाडी, छोटा व्हीलबेस, १५ किंवा १६ ला हलका रिम आणि चांगला टायर, याच्यासारखं सुख नाही.

टायरवर ९१V, ८७W असं लिहिलेलं असतं ते बघायचं का?

बघायचंच. आकडा म्हणजे एक टायर किती वजन पेलतो आणि अक्षर म्हणजे स्पीड. ९१ म्हणजे ६१५ किलो, ८७ म्हणजे ५४५, ८५ म्हणजे ५१५. H २१० किमी, V २४० किमी, W २७० किमी. व्हर्टसच्या १६ इंची टायरचा इंडेक्स ९१ आहे. आता २१५/४५ आर१७ साध्या बांधणीत ८७ चा येतो, म्हणजे प्रत्येक चाकामागे ७० किलो कमी, आणि त्याच साईझमध्ये एक्सएल (एक्स्ट्रा लोड) लिहिलेला ९१ चा येतो. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी असतात आणि स्वस्तवाला हातात देतात. एक्सएलच मागून घ्या. पाच माणसं, डिकी भरलेली, गणपतीला गावी निघालात तर तो फरक कामाला येतो.

रिमचं पण लोड रेटिंग असतं, मागे कोरलेलं, ५६०, ६१५, ६९० किलो असे आकडे दिसतात. एक्सलवर जास्तीत जास्त जेवढं वजन येऊ शकतं त्याच्या निम्म्यापेक्षा ते जास्त हवं. रेटिंग कोरलेलंच नसेल तर तो रिम घेऊच नका.

कंपनीचे बोल्ट नव्या अलॉयला चालतील ना?

बहुतेक वेळा नाही, आणि या एका गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसलो असं म्हटलं तरी चालेल.

मारुती, होंडा, ह्युंदाईला हबवर स्टड असतात आणि वरून नट लागतो. फोक्सवॅगन-स्कोडाला स्टड नाहीत, बोल्ट रिममधून थेट हबमध्ये जातो. त्या बोल्टचा जो भाग रिमला टेकतो त्याला सीट म्हणतात, आणि कंपनीच्या बोल्टची सीट गोल असते, चेंडूच्या पृष्ठभागासारखी, तिला आर१३ म्हणतात. बाजारातल्या जवळपास सगळ्या अलॉयची सीट ६० अंशाच्या कोनाची, म्हणजे निमुळती असते. गोल बोल्ट निमुळत्या भोकात घट्ट केला की दोन्ही एकमेकांना नीट टेकतच नाहीत, एका बारीक रेषेवर धरून ठेवतात. पाना फिरवताना एकदम घट्ट वाटतो. मग गाडी चालते, तापते, ती रेष दबते आणि बोल्ट ढिला होतो. पुढे काय होऊ शकतं ते लिहायची गरज नाही.

म्हणून अलॉयबरोबर वीस नवीन बोल्ट घ्यायचे, एम१४x१.५, ६० अंश कोनाची सीट. लांबी पण महत्त्वाची. रिमचा टेकणारा भाग जाड असेल तर लांब बोल्ट लागतो. हाताने बोल्ट लावून मोजा, रिम हबला टेकल्यावर किमान साडेसात आटे फिरला पाहिजे. फार लांब पण नको, आपल्या दोन्ही गाड्यांना मागे ड्रम ब्रेक आहेत आणि जास्त लांब बोल्ट मागून बाहेर येऊन आतल्या पार्टला लागू शकतो. मागचं चाक लावल्यावर हाताने फिरवून बघा, कुठे टिकटिक किंवा अडकल्यासारखं झालं तर लगेच काढा.

बोल्टला ऑईल, ग्रीस काही लावायचं नाही. कोरडा बोल्ट १२० न्यूटन मीटरला जेवढा घट्ट होतो, ऑईल लावलेला तेवढ्याच टॉर्कला त्यापेक्षा खूप जास्त ताणला जातो.

स्पेसर लावून चाक थोडं बाहेर काढू का?

बरोबर ऑफसेटचा रिम घेतला तर गरजच पडत नाही. लावायचाच असेल तर हबवर मध्यावर बसणारा घ्या, नुसती चपटी चकती नको, आणि स्पेसर जितका जाड तितकाच बोल्ट लांब.

स्टेपनीचं काय?

फार कमी लोक याचा विचार करतात. तुमची स्टेपनी कंपनीची आहे, तिची सीट गोल आहे, आणि गाडीला आता निमुळते बोल्ट आहेत. रात्री खंबाटकी घाटात पंक्चर झाला तर स्टेपनीला ते बोल्ट लावणार का? म्हणून जुन्या बोल्टांपैकी पाच बोल्ट कापडात गुंडाळून स्टेपनीच्या खळग्यात कायमचे ठेवून द्या. लॉक बोल्ट लावले असतील तर त्याची चावी पण तिथेच, घरच्या कपाटात नाही. आणि नवीन टायरचा व्यास स्टॉकच्या जवळ ठेवा असं जे वर म्हटलं त्याचं हे अजून एक कारण, पुढे एका बाजूला वेगळ्या व्यासाचं चाक लावून लांब चालवलं तर गिअरबॉक्समधल्या डिफरेन्शियलला त्रास होतो.

कास्ट, फ्लो फॉर्म, फोर्ज यात काय घ्यावं?

कास्ट म्हणजे वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतलेलं. फ्लो फॉर्ममध्ये मधला भाग कास्ट असतो आणि बाहेरचा पट्टा गरम करून, फिरवत, रोलरने दाबून ताणतात, त्यामुळे तो पातळ असून मजबूत होतो. फोर्ज म्हणजे घन ठोकळा प्रचंड दाबाखाली आकारात आणलेला, सगळ्यात हलका, सगळ्यात महाग. १७ इंचीला साधारण अंदाज धरा की चांगला कास्ट ९ ते ११ किलो, फ्लो फॉर्म ८-९, फोर्ज ७-८. रोजच्या वापराला फ्लो फॉर्म हा माझ्या मते सगळ्यात योग्य मधला रस्ता आहे.

आणि कंपनीच्या रिमला कमी लेखू नका. एन्केईसारख्या जपानी नावाचा कारखाना आपल्या शिक्रापूरला आहे आणि तो गाडी कंपन्यांना रिम पुरवतो. कंपनीचे रिम दिसायला साधे असतील पण त्यांची टेस्टिंग कडक असते.

डुप्लिकेट कसे ओळखायचे?

जपानी रेज कंपनीचा टीई३७ किंवा एन्केईचा आरपीएफ१ यासारखा नावाजलेला रिम दहा-पंधरा हजारात सेट मिळतोय म्हणजे तो कॉपी आहे, यात शंका घ्यायला जागाच नाही. डिझाईन कॉपी करता येतं, धातू आणि हीट ट्रीटमेंट करता येत नाही. कॉपी उलट अस्सलपेक्षा जड असतो, कारण कमकुवत धातूला जाडी देऊन वाचवावं लागतं.

रिम उलटा करा. जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे जपानचे मार्क, केबीए नंबर जर्मनीचा, आयएसआय मार्क आपला. आपल्याकडे व्हील रिमसाठी क्वालिटी कंट्रोल ऑर्डर २०२० साली निघाली आहे, म्हणून नवीन रिमवर आयएसआय मार्क विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मार्क कोरलेला असावा, स्टिकर नव्हे. जेडब्ल्यूएल मात्र बनवणारा स्वतःच लावतो, व्हीआयए बाहेरची संस्था तपासून देते, म्हणून नुसता जेडब्ल्यूएल बघून खूश होऊ नका. साईझ, ऑफसेट, लोड रेटिंग, बनवल्याची तारीख, बनवणाऱ्याचं नाव हे सगळं कोरलेलं असलं पाहिजे. नाव नसलेला रिम कितीही सुंदर असला तरी ठेवून या.

बसवताना दुकानात काय बघायचं?

तिथे उभे राहा, चहाला जाऊ नका. हबचा गंज तारेच्या ब्रशने काढून घ्या, नाहीतर रिम तिरका बसतो. टायर चढवायच्या आधी पुढचा एक रिकामा रिम गाडीला लावून बघा, कॅलिपरला (ब्रेक पॅड धरणाऱ्या भागाला) कुठे लागतो का, पूर्ण फिरवून. टायर एकदा चढला, बॅलन्सिंगची वजनं लागली की कुठलाही दुकानदार परत घेत नाही. वजनं चिकटवायची ती आतल्या बाजूला, आणि ती कॅलिपरला घासत नाहीत ना हे पण बघा.

बोल्ट सगळे आधी हाताने लावायचे, गन नंतर. मग एक सोडून एक अशा क्रमाने हलके आवळायचे, गाडी खाली उतरवायची आणि टॉर्क रेंचने १२० ला. गनवाला म्हणेल "एकदम टाईट झालंय साहेब", त्याला नम्रपणे सांगा की रेंच लावा, नसेल तर स्वतःचा घेऊन जा. पन्नास ते शंभर किलोमीटर चालवल्यावर थंड चाकावर परत एकदा चेक करायचं. नवीन पेंट टेकण्याच्या जागी दबतो आणि पकड थोडी सैल होते म्हणून हे लागतंच.

नवीन अलॉयनंतर ९०-१०० ला थरथर होतेय.

क्रमाने बघा. हब रिंग आहे का, चारही चाकांना आहे का, का एक खाली पडून दुकानातच राहिली. बोल्टची सीट बरोबर आहे का. मग बॅलन्सिंग. मग रिमच वाकडा आहे का ते मशीनवर फिरवून. अलाइनमेंटने थरथर जात नाही, त्याने गाडी एका बाजूला ओढणं आणि टायर एका बाजूने झिजणं थांबतं.

वळताना किंवा लोड असताना घासतंय.

पूर्ण स्टिअरिंग फिरवल्यावर आतल्या प्लॅस्टिकला किंचित घासत असेल तर लायनर नीट बसवून काम होतं. भरलेल्या गाडीत मागे फेंडरच्या कडेला घासत असेल तर साईझ किंवा ऑफसेट चुकलाय. फेंडरची कड ठोकून आत वळवून घेणं हा उपाय मला पटत नाही, रंग तडकतो आणि पावसाळ्यात तिथूनच गंज सुरू होतो.

टायर प्रेशरची वॉर्निंग येतेय.

व्हर्टसमध्ये व्हॉल्व्हमध्ये सेन्सर नाहीत, गाडी एबीएसच्या सेन्सरवरून चाकांचा वेग बघून हवा कमी झाल्याचा अंदाज घेते. नवीन टायरला हवा बरोबर भरून सिस्टीम एकदा रीसेट करा, झालं.

आरटीओ पकडेल का? इन्शुरन्सचं काय?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठामपणे सांगितलंय. म्हणून बॉडीच्या बाहेर आलेली चाकं, खूप मोठी साईझ हे करूच नका. तुमच्या मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीने जी साईझ दिली आहे त्याच्या जवळ राहणं सगळ्यात सुरक्षित.

इन्शुरन्स कंपनीला मात्र लेखी कळवा, बिल जोडा, नॉन इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी म्हणून किंमत पॉलिसीत टाकून घ्या, प्रीमियम थोडाच वाढतो. न कळवता बसवले तर चोरी झाल्यावर अलॉयचे पैसे मिळत नाहीत आणि अपघाताच्या क्लेमला वाद घालायला त्यांना कारण मिळतं. गाडी वॉरंटीत असेल तर बेअरिंग, सस्पेंशनच्या क्लेमवरही सर्विस सेंटर बोट ठेवू शकतं.

मी जर्मनीत आहे, पोलो आहे, इथे काय वेगळं?

तिथे कागद आधी, चाक नंतर. रिमला एबीई (सरकारी मंजुरीचा कागद) असेल आणि त्यात तुमची गाडी आणि टायर साईझ असेल तर तो कागद गाडीत ठेवायचा. टाईलगुटआख्टन (त्या पार्टचा तपासणी अहवाल) असेल तर बसवल्यावर ट्यूफ किंवा डेक्रा या तपासणी संस्थांकडे जाऊन तपासून घ्यायचं. कागद नसलेला रिम लावला तर गाडीची रस्त्यावर चालवायची परवानगीच रद्द धरली जाते. इतकी शिस्त आपल्याकडे यावी असं मला मनापासून वाटतं.

खड्ड्यात रिम वाकला, दुरुस्त करू का?

कडेला थोडा वाकला असेल तर चांगल्या माणसाकडे मशीनवर सरळ करून घ्या. चीर गेली असेल तर वेल्डिंग करू नका, विशेषतः स्पोकला किंवा बोल्टच्या भोकांजवळ. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या धातूची हीट ट्रीटमेंट जाते आणि पुढची चीर शेजारून पडते. आणि बरेच रिम वाकतात ते कमी हवेमुळे. लो प्रोफाईल टायरला महिन्यातून दोनदा सकाळी थंड असताना हवा बघा, समृद्धीला निघायच्या आधी तर नक्कीच, तिथे तासन्‌तास १२० ला काँक्रीटवर टायर तापत राहतो. नायट्रोजनच पाहिजे असं काही नाही, हवा बरोबर असणं महत्त्वाचं.

काळे करून घेऊ का?

पावडर कोटिंग चालतं, पण भट्टीचं तापमान आणि वेळ विचारा, २०० अंशाच्या वर फार वेळ ठेवलेला रिम कमकुवत होऊ शकतो. सीट आणि हबला टेकणारा भाग रंगाच्या आधी झाकून घ्यायला सांगा.

बजेट ठरलेलं आहे, अलॉयवर जास्त घालू का टायरवर?

टायरवर. रस्त्याला टेकतो तो टायर. स्टॉक रिमवर उत्तम टायर लावलेली पोलो, महाग अलॉयवर स्वस्त टायर लावलेल्या पोलोपेक्षा ओल्या घाटात कितीतरी लवकर थांबते. बजेट कमी असेल तर यावर्षी टायर घ्या, अलॉय पुढच्या वेळी टायर संपतील तेव्हा.

जुने स्टॉक अलॉय विकू का?

विकू नका. जागा असेल तर जुन्या बोल्टांसकट घरी ठेवा. रिम वाकला की दुरुस्त होईपर्यंत गाडी उभी राहत नाही, वॉरंटीच्या कामाला जाताना परत लावता येतात, आणि पुढे गाडी विकायची वेळ आली की घेणारा बहुतेक वेळा स्टॉकच मागतो, मग अलॉयचा सेट वेगळा विकता येतो.